गेटवरचं अर्धुक

ता. ४ ऑगस्ट

मामा,

नमस्कार. आधी हातातला पान्हा खाली ठेव, हात पूस आणि मग वाच. फोनच केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला तू "बरं बरं" म्हणून मोकळा होतोस. हे प्रकरण बरं-बरंवर भागणारं नाही!

आमच्या कॉलेजात सायकलचोर शिरलाय. टर्म सुरू झाल्यापासून सहा सायकली गेल्या. सहा! भर दिवसा, कुलपासकट, आणि बाहेर पडायला गेट एकच. त्या गेटवर शिट्टीकाका असतात. गळ्यात शिट्टी, केबिनीत हातपंप. कुणाच्या चाकात हवा कमी दिसली की हाक मारून थांबवतात, "अगं, चाक रडतंय तुझं," म्हणतात आणि स्वतः वाकून हवा भरून देतात. माझी चाकं तर रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघतात. मला ते पहिल्या दिवसापासून आवडतात. थोडे तुझ्यासारखे आहेत, फक्त हसतात.

तर आता प्राचार्यबाईंनी नोटीस लावलीय. सहामाही परीक्षा संपेपर्यंत आणखी एक जरी सायकल गेली, तर काकांना काढणार आणि गेट बाहेरच्या कंपनीकडे देणार. म्हणजे सातवी गेली की काका गेले! केबिनीमागच्या खोलीत ते आणि त्यांची म्हातारी आई राहतात. नोकरीबरोबर खोलीही जाणार. नोटीस वाचली आणि माझं डोकंच फिरलं. चोर मोकळा आणि शिक्षा काकांना?

म्हणून आम्ही मंडळ काढलंय. सायकल राखण मंडळ! अध्यक्ष मी. सदस्य माझी खोलीची जोडीदारीण, जिला सगळे बडबडी म्हणतात, आणि तिने धरून आणलेल्या नऊ जणी. आम्ही बिल्ले करतोय. डब्यांची पत्र्याची झाकणं, प्रत्येक आकड्याची जोडी. एक बिल्ला हँडलला, एक मालकाच्या हातात. बाहेर जाताना काका दोन्ही आकडे बघणार, जुळले तरच सोडणार. दोनशे जोड्या! माझी बोटं लाल रंगाने माखलीत आणि मी इतकी खूश आहे की काल व्याख्यानात उगाचच हसले.

तू फक्त एवढं सांग, कुलूप कुठलं चांगलं? आणि तू एकदा इथे ये ना. तू बनवलेली सायकल कुठल्या रस्त्यावर धावते ते तरी बघ. सायकल झकास आहे, काळजी नको.

तुझी
भाची

ता. क. आईला सांगून माझ्या जुन्या चपला पाठव. या चपलांचे तळवे पार झिजले.

&nbsp;

ता. ११ ऑगस्ट

भाचीबाई,

पत्र पोचले. हात पुसून वाचले.

कुलूप कुठले चांगले? कुठलेच नाही. कुलूप हे सज्जनासाठी असते. चोराला फक्त वेळ लागतो, आणि वेळ त्याच्याकडे भरपूर असतो, कारण तो व्याख्यानाला बसत नाही.

तू सहा सायकली गेल्या हे सहा वेळा लिहिलेस, पण कशा गेल्या ते एकदाही लिहिले नाहीस. जिथून सायकल गेली तिथे जमिनीवर कुलपाचा तुकडा, लोखंडाचा कीस, काही सापडले का? सापडले असेल तर चोर तोडतो. नसेल तर तो उचलतो. पहिल्याला कुलूप थांबवते, दुसऱ्याला माणूस. बघून कळव.

तुझे काका हवा भरतात हे वाचले. किती भरतात? मागच्या चाकात नेहमी पुढच्यापेक्षा थोडी जास्त लागते. त्यांना सांग. नको, सांगू नकोस, त्यांना माहीत असेल.

माझे येणे जमणार नाही. दुकान कोण बघणार? आणि मी आलो तर तुझी आई म्हणेल मीही येते, मग तिचे सामान कोण उचलणार.

सायकल अजून तशीच वाजते का? टिक टिक टिक टक. मागच्या चाकातले ते फ्रीव्हील मी तीन जुन्यांतून एक केले आहे, चौथा ठोका मोठा पडतो. दुरुस्त करता आला असता. मुद्दाम ठेवला.

चपला पाठवत नाही. आधी सांग, सायकल असताना चपला झिजल्या कशा?

मामा

&nbsp;

ता. १९ ऑगस्ट

मामा,

आमचा पार फज्जा उडाला! हसू नकोस. बरं, हस. मीही आता हसतेय, पण सोमवारी रडले होते.

बिल्ल्यांचा पहिला दिवस. गेटवर अर्धं कॉलेज बघायला जमलेलं. काका नवीन इस्त्रीचा शर्ट घालून उभे. पंधरावीस सायकली झक्क पार पडल्या. आकडे जुळले की काका शिट्टीचा छोटा आवाज काढायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. मी तर हवेत होते!

तेवढ्यात आले गणिताचे सर. उंच सायकल, उंच माणूस, कपाळाला आठ्या. हँडलला तेहतीस. हातात सहासष्ट.

काकांनी दोनदा बघितलं. मग अशी काही शिट्टी मारली की झाडावरची पाखरं उडाली! पोरांनी सरांना घेरलं. एकाने तर कॅरिअरच धरलं. सर ओरडतायत, "अरे, मी तेहतीसच आहे!" आणि पोरं म्हणतायत, "मग सहासष्ट कुणाचा उचललात?"

चूक माझी, मामा. सरांच्या हातातल्या झाकणावर मी भोक खाली धरून आकडा रंगवला होता. बिल्ला दोरीला लटकला की उलटा होतो, आणि माझ्या ब्रशने काढलेला तीन उलटा झाला की सहा दिसतो. शेपटीचा काय तो फरक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते आम्ही गेटवर करून दाखवलं. मी पुढे होऊन माफी मागितली. सर म्हणाले, "तुमचा आणि माझा आता छत्तीसचा आकडा, तोही सुलटा लिहिता आला तर!" आणि निघून गेले.

बिल्ले बंद. प्राचार्यबाईंनी मंडळाला समज दिली आणि काकांना तर केबिनीतच येऊन बोलल्या. काका मान खाली घालून "होय बाई" म्हणत राहिले. आणि त्या गेल्यावर हेच काका मला म्हणतात, "तू तोंड पाडू नकोस गं, आकडे माझ्याशीही नीट वागत नाहीत." इतका भला माणूस! कुणाची सायकल पंक्चर होऊन ती ढकलत नेत असेल, चावी हरवलेली असेल, तर हे केबिनीतून धावत येतात आणि मागचं चाक उचलून थेट रस्त्यापर्यंत सोडून देतात. असा माणूस गेटवरून जायचा?

तू विचारलंस ते बघितलं. सहाही जागी काही नाही. तुकडा नाही, कीस नाही. सायकल जणू भूत होऊन गेली.

हो, आपली सायकल अगदी तश्शीच वाजते! रोज सकाळी चढावर पायडल मारत जाते तेव्हा टिक टिक टिक टक ऐकत जाते, तुझी आठवण येते.

चपला अशाच झिजल्या. इथली फरशी खरखरीत आहे.

भाची

&nbsp;

ता. २५ ऑगस्ट

भाचीबाई,

मी तुझा मामा आहेच. आणखी मामा बनवायची गरज नाही.

फ्रीव्हील पायडल मारताना वाजत नाही. पाय थांबले की वाजते. चढावर पाय थांबवून बघ, मागे येशील. जी मुलगी दीड वर्ष त्या सायकलवर बसली तिने हे लिहिले, याचा अर्थ ती सध्या सायकलवर बसत नाही. वर चपला. फरशीने तळवे झिजत असते तर माझ्या दुकानात अनवाणीच फिरावे लागले असते.

सायकल गेली. कधी गेली ते तू सांग. का लपवलेस तेही सांग. मी रागावलो आहे, पण सायकलसाठी नाही.

आता चोर. तो तुझ्याच पत्रात सापडला, तुला दिसला नाही इतकेच. माझ्या धंद्यात चाळीस वर्षे एक गोष्ट बघतो. सायकलवर बसून जाणाऱ्याला लोक कधीतरी हटकतात. पंक्चर सायकल ढकलत नेणाऱ्याला कुणी हटकत नाही. उलट कीव करतात. चोर येतो, वॉल्व्ह काढतो, हवा सोडतो. मागच्या चाकाला कुलूप आहेच, ते तसेच ठेवतो. मग कॅरिअर धरून, मागचे चाक उचलून, घामाघूम होऊन गेटवर येतो. "काय झालं रे?" "पंक्चर आहे काका, चावीही हरवली." पुढचे तू लिहिलेसच. मागचे चाक कोण उचलून देते?

हे वाचून त्या माणसावर रागावू नकोस. तो चांगला आहे म्हणूनच चोराचे फावले.

बिल्ल्यांचे आकडे सोडा. आमच्या उस्तादांची जुनी रीत सांगतो. पुठ्ठ्याचा तुकडा घ्यायचा आणि हाताने फाडायचा. कात्रीने नाही, हाताने. एक अर्धुक सायकलला, एक मालकाकडे. जगात दोन फाटलेल्या कडा सारख्या नसतात. जोडून बघायला आकडा लागत नाही, अक्षर लागत नाही. आंधळाही बोटाने सांगेल जुळते की नाही. आणि नियम एकच ठेवा, अर्धुक दाखवल्याशिवाय कुणाचीही सायकल बाहेर नाही. चालवत असो, ढकलत असो, डोक्यावर घेतलेली असो. पंक्चर असेल तर आधी अर्धुक, मग माया.

सोबत चपला आहेत. उजव्या चपलेत एक पाकीट आहे, त्यात फाटका पुठ्ठा आहे. मी बनवलेल्या प्रत्येक सायकलच्या सीटखालच्या पाइपात असे एक अर्धुक टाकतो आणि दुसरे दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. तुझ्या सायकलचे हे दुसरे. चोर रंग बदलतो, घंटी बदलतो, पाइपात कुणी बघत नाही. सायकल कधी दिसली तर सीट काढ आणि जोड.

त्यावर काय लिहिले आहे ते विचारू नकोस. मला आठवत नाही.

मामा

&nbsp;

ता. २ सप्टेंबर

मामा,

चपला घातल्या. मग पलंगावर बसून रडले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि हसायला आलं. बडबडी म्हणाली, एक काहीतरी कर.

खरं सांगते. सायकल दोन ऑगस्टला गेली. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. सातवी ती माझीच! ग्रंथालयामागे लावली होती, तासाभराने आले तर जागा रिकामी. धावत ऑफिसच्या दारापर्यंत गेले, आणि तिथे भिंतीवर तीच नोटीस. 'आणखी एक जरी.' मी आत जाऊन तक्रार दिली असती तर संध्याकाळी काका आणि त्यांची आई रस्त्यावर. मी दारातून परत फिरले आणि कुणालाही सांगितलं नाही. रोज पाऊण तास चालत येते, गेटच्या आधीच्या वळणावर केस सारखे करते आणि आत शिरते. काका विचारतात, "सायकल कुठाय?" मी म्हणते, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

तुला का नाही सांगितलं? तू सुट्टीत दोन महिने खपून ती बनवलीस. हिरवा रंग तीन वेळा दिलास. ती मी एका तासात घालवली, हे कसल्या तोंडाने लिहू? चुकले, मामा.

पण आता ऐक! तुझी अर्धुकं! काय डोकं आहे तुझं! दोन दिवसांत अडीचशे पुठ्ठे फाडले. शुक्रवारी सुरू केलं आणि एकही घोटाळा नाही. काका बोटाने कड चाचपतात, "बसलं!" म्हणतात आणि सोडतात. त्यांना इतकं आवडलंय की जेवायच्या सुट्टीतही कुणाचं तरी जोडून बघतात. गणिताचे सर आले, अर्धुक पुढे केलं, जुळलं, आणि म्हणाले, "यात आकडा नाही म्हणून चालतंय." ते हसलेही असतील, मिशीमुळे कळत नाही.

पंक्चरचं मात्र मी काकांना सांगितलेलं नाही. नुसता नियम सांगितला. कसं सांगू, की सहा सायकली तुम्हीच उचलून दिल्यात?

आणि आता मोठी गोष्ट. काल गेटजवळच्या उतारावरून एक निळी सायकल माझ्या बाजूने गेली. टिक टिक टिक टक. मी मागे धावले. टिक टिक टिक टक! रंग निळा, घंटी नवी, सीटवर नवं कव्हर. वर बसलेला पहिल्या वर्षाचा मुलगा. मी विचारलं, छान आहे रे, कुठे घेतलीस? म्हणाला, जुन्या बाजारात, मागच्याच महिन्यात. बिचारा इतका खूश होता! आणि त्या सायकलच्या हँडलला आमच्याच मंडळाचं अर्धुक. ते मीच फाडलंय. म्हणजे माझ्या सायकलवर त्याची मालकी मीच पक्की करून दिली, मामा!

तुझा पुठ्ठा माझ्या पेटीत आहे. उभा फाडलेला, प्रत्येक ओळीचं शेपूट तेवढं आहे. "सताना", "वा भरेल", "मस्कार". बडबडी म्हणते मस्का-बिस्का काहीतरी असेल. ती सीट काढली की एका मिनिटात सिद्ध होईल. पण सिद्ध झालं की सातवी चोरी झाली. मग काका गेले. मी काय करू? लवकर लिही. परीक्षेला वीस दिवस आहेत.

भाची

&nbsp;

ता. ८ सप्टेंबर

भाचीबाई,

सायकल नवी बनवता येते. ते मनातून काढ.

पण एक विचारतो. तू त्या माणसाची नोकरी महिनाभर पाठीवर घेऊन चालते आहेस, आणि त्याला पत्ताच नाही. नोकरी त्याची, गेट त्याचे, हात त्याचे. तू त्याला वाचवते आहेस की लहान मूल समजते आहेस? मला कुणी असे झाकून ठेवले तर मी त्याला दुकानात पाऊल ठेवू देणार नाही.

त्याला सांग. सगळे सांग. पंक्चरचेही. पुढे काय करायचे ते तो ठरवेल.

मी येऊन सांगितले असते. पण दुकान आहे.

मामा

&nbsp;

ता. १८ सप्टेंबर

मामा,

बसून घे. नाही, उभाच राहा, बसवणार नाही तुला!

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी केबिनीत गेले. सगळं सांगितलं. माझी सायकल, नोटीस, डॉक्टरांची थाप, आणि शेवटी डोळे मिटून पंक्चरची गोष्ट. काका पंपाच्या दांड्यावर हात ठेवून बसून राहिले. मग हळूच विचारलं, "हिरवी ना? कॅरिअरला पिवळी दोरी?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मी तिला पार चौकापर्यंत उचलून नेलं गं. चाक रडतंय एवढंच बघितलं, कुणाचं ते बघितलं नाही. तो म्हणत होता, राहू द्या काका, तुम्हाला त्रास. मीच सोडत नव्हतो." त्यांचे डोळे भरले. माझेही. मग त्यांनी शिट्टी शर्टाला पुसली आणि म्हणाले, "मला चार दिवस दे. त्याला माझी सवय लागलीय. येईल तो."

आणि मंगळवारी आला, मामा!

मी समोरच्या कट्ट्यावर पुस्तक उघडून बसले होते, पुस्तक उलटं होतं ते नंतर कळलं. दुपारची वेळ, गेटवर शुकशुकाट, काकांनी बोलावलेली चार पोरं तेवढी केबिनीआड दडलेली. एक माणूस, नीटनेटका शर्ट, काखेत फाइल, लाल सायकलचं मागचं चाक उचलून फरफटत येतोय. काका केबिनीतून धावतच आले, अगदी नेहमीसारखे. "अरेरे! पंक्चर का रे?"

"हो काका. चावीपण हरवली बघा."

"दे इकडे, तू दमलास," असं म्हणून काकांनी कॅरिअर घट्ट धरलं. "उचलतो मी. तेवढं अर्धुक दाखव."

"काय दाखवू?"

"अर्धुक रे. फाटका पुठ्ठा. हा बघ सायकलला आहे, त्याचा भाऊ तुझ्या खिशात असेल."

त्याने खिसे चाचपले. फाइल उघडली. म्हणाला, "वर्गात राहिलं, घेऊन येतो." काका म्हणाले, "ये की. तोवर सायकल मी धरतो, आणि तुला ही पोरं धरतील." आणि शिट्टी! काय शिट्टी! तो पळाला, फाइल उडाली, आतून नुसती वर्तमानपत्रं बाहेर. आणि समोरून कोण यावं? गणिताचे सर, उंच सायकलवर. त्यांनी सायकल आडवी घातली आणि तो चोर सरळ त्यांच्या चाकावर आपटला. सर खाली बघून म्हणाले, "तेहतीस की सहासष्ट?" मी हसून हसून कट्ट्यावरून पडायची राहिले.

एवढ्यावर काका थांबले असते तर त्यांचा सत्कार झाला असता. पोलीस चोराला घेऊन गेले, पोरं काकांना खांद्यावर घ्यायला निघाली, आणि काका म्हणाले, "थांबा, अजून एक काम आहे." त्या निळ्या सायकलवाल्या मुलाला त्यांनी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ती सायकल घेऊन, मला घेऊन, ते थेट प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले. सरही मागून आले. काकांनी सायकल गालिच्यावर उभी केली आणि म्हणाले, "बाई, सातवी गेली होती. ही बघा. माझ्या डोळ्यांदेखत गेली, आणि मागचं चाक मीच उचलून दिलं. आधीच्या सहांचंही तसंच झालं असणार. या पोरीने माझ्यासाठी महिनाभर तोंड बंद ठेवलं. नियमाप्रमाणे काय असेल ते करा."

बाई म्हणाल्या, "ही तिचीच कशावरून?"

मी तुझा पुठ्ठा पुढे केला. काकांनी खिशातून पान्हा काढला, सीट सैल केली, वर ओढली. सायकल उलटी करून हलवली. थोडा गंज पडला, मग एक गुंडाळी. काकांनी ती टेबलावर सरळ केली आणि तुझं अर्धुक तिला लावलं. बोट फिरवलं. "बसलं," म्हणाले. मग तेच वाचायला लागले.

"मी जवळ नसताना
हिच्या चाकात जो हवा भरेल
त्याला माझा नमस्कार."

मामा, काकांनी दोन्ही हात जोडले. कुणाला, तर त्या पुठ्ठ्याला. आणि तू म्हणे विसरलास काय लिहिलंस ते! मामा बनवायचं तुझ्याकडूनच शिकले मी.

शेवटी सरांनी घसा साफ केला. म्हणाले, "बाई, नोटिशीत 'सायकल गेली तर' असं आहे. गेटमधून एक गेली, गेटमधून एक आली. एक वजा एक. बाकी शून्य. सातवी गेलेलीच नाही. आणि आज एक चोर आला तो गेला नाही, तो जमेला धरा." बाई उठल्या, व्हरांड्यात गेल्या आणि भिंतीवरची नोटीस स्वतःच्या हाताने काढली. काढली आणि फाडली. काका पटकन म्हणाले, "बाई, एक अर्धुक मला द्या." आणि बाईंनी दिलं!

चोराच्या खोलीवर चार सायकली मिळाल्या, उरलेल्या दोनचा शोध चालू आहे. निळी पुन्हा हिरवी करायची म्हणतेय, पण रंग तू द्यायचा. त्या पहिल्या वर्षाच्या मुलाचं वाईट वाटतं, तो सध्या गणिताच्या सरांच्या कॅरिअरवर बसून येतो आणि वाटेत पाढे म्हणतो.

टिक टिक टिक टक! पाय थांबवून ऐकते आता.

तुझी
भाची

&nbsp;

ता. १९ सप्टेंबर

सायकल बनवणारे दादा यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी गेटवर असतो. पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

तुमचा नमस्कार पोचला. पंधरा वर्षांत या गेटमधून पुष्कळ लोक गेले, पण मला कुणी पाइपात घालून नमस्कार पाठवला नव्हता. पोरीने तो पुठ्ठा माझ्याकडेच ठेवलाय, माझी आईपण वाचून घेते रोज.

मी तुमच्या भाचीची सायकल उचलून चोराला दिली. त्याची माफी मागायची आहे, ती कागदावर जमत नाही. म्हणून सोबत एक अर्धुक पाठवतो. आमच्या गेटचं आहे. दुसरं माझ्या केबिनीत खिळ्याला टांगून ठेवलं आहे. याल तेव्हा जोडून बघेन, मगच आत सोडेन. तुमच्याकडे दुकान आहे हे पोरीने सांगितलं. माझ्याकडेही गेट आहे. पण तुम्ही याल त्या दिवशी ते सरांनी सांभाळतो म्हटलंय.

मागच्या चाकात थोडी जास्त भरतो. पहिल्यापासून.

आपला
गेटवरचा

&nbsp;

ता. २५ सप्टेंबर

भाचीबाई,

शनिवारी दुकान बंद. दाराला पाटी लावली आहे. गिऱ्हाइके दोनदा दार वाजवून खात्री करून गेली.

सकाळच्या गाडीने येतो. हिरवा रंग आणि ब्रश घेतला आहे. तुझी आई येते म्हणते, सामान तीच उचलणार आहे.

मी येतो आहे हे काकांना सांगू नकोस. अर्धुक माझ्या वरच्या खिशात आहे, पण मी आपणहून काढणार नाही. मी तुझा मामा आहे म्हणेन, लांबून आलो आहे म्हणेन, पाय दुखतो म्हणेन. बघायचे आहे, तरीही ते मागतात की नाही.

मागितले नाही, तर तिथूनच परत फिरेन.

मामा